फुटबॉलच्या मैदानावरचा मजूर : बिली मेरेडिथ

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

हंगाम संपला की मैदाने ओस पडतात, पण खेळाच्या गप्पा ओस पडत नाहीत. उलट त्यांना खरा बहर त्याच वेळी येतो. कोण निवृत्त होणार, कोणता क्लब कोणाला विकत घेणार, अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये कोणाच्या बदल्यात कोण जाणार, यावर कॉलेजच्या कँटीनमध्ये एका चहावर कोट्यवधींचे सौदे होतात. या गप्पांत मराठी आणि कन्नड असा भेद राहत नाही. सगळेच व्यापारी आणि सगळेच पंच!

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी असल्यामुळे आमच्या मनात मात्र एक वेगळाच प्रश्न डोकावतो. युरोपातील मोठे फुटबॉल क्लब दुसऱ्या क्लबकडून खेळाडू घेताना जी रक्कम मोजतात, ती ताळेबंदात अमूर्त मालमत्ता म्हणून दाखवतात आणि कराराच्या जितक्या वर्षांसाठी तो बांधलेला असेल तितक्या वर्षांत थोडी थोडी खर्ची टाकतात. यंत्रावर घसारा काढतात, त्यातलाच हा प्रकार. हिशेबाच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. पण मग मनात येते, की ज्याच्या पायांची ही किंमत, त्या माणसाचा तिच्यावर हक्क किती? त्याला न विचारता त्याचा सौदा करण्याचा अधिकार कोणाला आहे काय? आणि खेळण्याची उमेद संपल्यावर त्याच्या हाती काय उरते?

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडच्या मैदानावर हे प्रश्न उघडपणे विचारणारा एक खेळाडू होऊन गेला. त्याचे नाव विल्यम मेरेडिथ. लोक त्याला बिली म्हणत, आणि त्याचा खेळ पाहून वेल्सचा जादूगार म्हणत. आजच्या फुटबॉलवेड्या मित्रांनाही त्याचे चरित्र फारसे ठाऊक नसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

खाणीतले बालपण

बिलीचा जन्म 30 जुलै 1874 रोजी उत्तर वेल्समधील चर्क गावाजवळ झाला. हा सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा. घर धार्मिक आणि कष्टाळू. वयाच्या बाराव्या वर्षी बिली खाणीत कामाला लागला. भूगर्भातल्या अंधारात कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या तट्टांना हाकणे हे त्याचे काम. आपल्याकडे ज्या वयात मुले सातवीत असतात, त्या वयात हा मुलगा काळवंडलेल्या तोंडाने घरी येत होता.

पण त्या गावाला एक भाग्य लाभले होते. तेथील शाळेत थॉमस नावाचे मास्तर होते. त्यांना फुटबॉलचे विलक्षण वेड. मुलांना अक्षरओळखीबरोबर चेंडूची ओळखही त्यांनी करून दिली. त्या एका लहानशा गावातून वेल्सच्या राष्ट्रीय संघाला अनेक खेळाडू मिळाले, त्यामागे या मास्तरांचे श्रम होते. बिली हा त्यांचा सर्वांत मोठा शिष्य. उजव्या बगलेवरून चेंडू घेऊन धावायचे, समोरच्याला हुलकावणी द्यायची आणि अचूक चेंडू गोलासमोर टाकायचा, ही त्याची खासियत. 1894 साली त्याच्या गावच्या संघाने वेल्सचा चषक जिंकला. त्याआधीपासूनच तो इंग्लंडमधील नॉर्थविच व्हिक्टोरिया या क्लबकडूनही खेळू लागला होता.

1894 च्या ऑक्टोबरमध्ये मँचेस्टर सिटी या क्लबने त्याला आपल्याकडे घेतले. आईला मात्र ते मुळीच पसंत नव्हते. खेळ ही करमणूक. तिच्यावर पोट भरणारा मुलगा तिला बघवेना. बिलीनेही तिचे मन राखले. पहिल्या काळात त्याने खाण सोडली नाही. आठवडाभर कोळसा आणि शनिवारी फुटबॉल, असा त्याचा क्रम होता. पहिला सामना दूर न्यूकॅसलला होता. तेथवर रेल्वेने जायचे, खेळायचे आणि परत येऊन खाणीत उतरायचे! तो सामना सिटी 5-4 असा हरली. पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर न्यूटन हीथविरुद्ध (म्हणजे पुढचे मँचेस्टर युनायटेड) सिटी पुन्हा हरली, पण तिचे दोन्ही गोल बिलीने केले होते. मँचेस्टरच्या लोकांनी त्या दिवसापासून त्याला डोक्यावर घेतले.

तोंडात एक दात-कोरणी धरून तो खेळायचा. व्यंगचित्रकारांना हा विषय आयताच मिळाला. वाकडे पाय, तोंडात काडी, अशी त्याची चित्रे घरोघर पोहोचली. 1899 साली सिटी दुसऱ्या विभागातून पहिल्या विभागात गेली. 23 एप्रिल 1904 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर इंग्लंडच्या चषकाचा अंतिम सामना झाला. सिटीने बोल्टन वाँडरर्सचा 1-0 असा पराभव केला. संघनायक मेरेडिथ, आणि तो एकमेव गोलही त्याचाच. खाणीतल्या पोराच्या हाती देशातला सर्वांत मानाचा चषक आला.

चार पौंडांचे बंधन

येथे थोडे अर्थशास्त्र आले पाहिजे, नाहीतर पुढची कथा कळणार नाही.

त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूंवर दोन बंधने होती. पहिले पगाराचे. 1901 पासून कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा अधिक देता येत नसे. साध्या कामगाराला यापेक्षा पुष्कळ कमी मिळे, हे खरे. पण हजारो प्रेक्षक ज्याच्यासाठी तिकीट काढतात त्यालाही तेवढेच, आणि राखीव खेळाडूलाही जास्तीत जास्त तेवढेच! दुसरे बंधन त्याहून कडक. करार एका वर्षाचा असे. परंतु वर्ष संपल्यावर क्लबने खेळाडूला आपल्या यादीत ठेवले, तर त्याला लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे. क्लबने पगार दिला नाही तरीही नाही! क्लबला मात्र त्याला विकण्याची मुभा होती. 1905 च्या फेब्रुवारीत आल्फ कॉमन या खेळाडूसाठी मिडल्सब्रो क्लबने सँडरलंडला एक हजार पौंड दिले. साऱ्या देशात खळबळ उडाली. ते हजार पौंड क्लबला मिळाले. खेळाडूचा पगार चार पौंडांच्या वर जाऊ शकत नव्हता.

क्लबचालकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पगाराला मर्यादा नसेल तर श्रीमंत क्लब सारे चांगले खेळाडू पळवतील, लहान गावांचे क्लब बुडतील आणि स्पर्धेत चुरस राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य होते. पण ज्या नियमाचा सगळा भार एकाच पक्षाच्या खांद्यावर पडतो, तो नियम उघडपणे पाळला जात नाही. मोठे क्लब मागच्या दाराने जादा पैसे देतच होते. सिटीही त्यात होती आणि मेरेडिथही ते घेत होता.

डाग

आता त्याच्या आयुष्यातील सर्वांत काळे पान. 29 एप्रिल 1905, हंगामाचा शेवटचा सामना. सिटीला लीगचे विजेतेपद मिळण्याची आशा होती आणि गाठ होती अ‍ॅस्टन व्हिलाशी. सामना रागारागात खेळला गेला आणि सिटी 3-2 अशी हरली. नंतर चौकशी झाली. व्हिलाचा कप्तान अलेक लीक याला सामना सोडण्यासाठी मेरेडिथने दहा पौंड देऊ केले, असा ठपका आला. फुटबॉल असोसिएशनने त्याला दीर्घ काळासाठी खेळण्यास मनाई केली.

मेरेडिथने प्रथम सारे नाकारले. परंतु बंदीच्या काळात त्याचा पगार थांबला आणि क्लबने हात झटकले, तेव्हा तो बोलू लागला. लाच देण्याची कल्पना व्यवस्थापक टॉम मॅले यांची होती, असे त्याने सांगितले. मॅले यांनी तो आरोप फेटाळला. शिवाय क्लब मर्यादेबाहेर पैसे देतो हेही त्याने उघड केले. 1906 साली असोसिएशनने सिटीच्या वह्या तपासल्या आणि एकच हाहाकार उडाला. 17 खेळाडूंना दंड झाला, 31 डिसेंबर 1906 पर्यंत खेळण्यास बंदी झाली आणि सिटीचे दार त्यांना बंद झाले. व्यवस्थापक मॅले आणि माजी अध्यक्ष यांच्यावर कायमची बंदी आली. एका फटक्यात भरला संघ रिकामा झाला.

या प्रकरणात मेरेडिथला निर्दोष म्हणता येणार नाही. लाच ही लाचच. मग ती दहा पौंडांची असो की दहा हजारांची. त्याने आधी खोटे सांगितले आणि नंतर स्वतःची मान सोडवण्यासाठी इतरांनाही गोवले, हे चरित्रकाराने लपवू नये. तरी एक गोष्ट ध्यानात येते. जोवर त्याच्या पायांत बळ होते तोवर क्लबने त्याला डोक्यावर घेतले आणि अडचण येताच त्याचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा एवढेच पाहिले. हा धडा मेरेडिथ जन्मभर विसरला नाही.

सिटीच्या खेळाडूंचा बाजार मँचेस्टरच्याच एका हॉटेलात भरला. निरनिराळ्या क्लबांचे लोक बोली लावायला आले. पण शेजारच्या मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक अर्नेस्ट मँगनॉल त्यांच्याआधीच पोहोचले होते. मेरेडिथ, सँडी टर्नबुल, हर्बर्ट बर्जेस आणि जिमी बॅनिस्टर हे चार मोहरे त्यांनी उचलले. 1 जानेवारी 1907 रोजी बंदी उठताच मेरेडिथ युनायटेडकडून मैदानात उतरला. समोर तोच अ‍ॅस्टन व्हिला! त्याने बगलेवरून चेंडू दिला, टर्नबुलने गोल केला आणि युनायटेडने सामना 1-0 असा जिंकला. पुढे 1908 आणि 1911 साली युनायटेडने लीग जिंकली आणि 1909 साली चषक. त्या क्लबच्या आजच्या कीर्तीचा पाया या वर्षांत घातला गेला.

खेळाडूंची संघटना

पण आमच्या मते मेरेडिथचा मोठेपणा या चषकांहून वेगळ्या ठिकाणी आहे.

1907 साली युनायटेडचा टॉमी ब्लॅकस्टॉक हा तरुण खेळाडू राखीव संघाच्या सामन्यात चेंडूला डोके लावल्यानंतर कोसळला आणि मरण पावला. त्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली नाही. खाणीत अपघात झाला तर कामगारांची संघटना कुटुंबाच्या पाठीशी उभी राहते, हे मेरेडिथ लहानपणापासून पाहत आला होता. मग मैदानावर कामी आलेल्या माणसाच्या पाठीशी कोण? 2 डिसेंबर 1907 रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची सभा भरली. अध्यक्षस्थानी होता मेरेडिथ. त्या सभेतून खेळाडूंची संघटना उभी राहिली. तिच्या मागण्या थोडक्यात अशा : पगाराची मर्यादा काढा, खेळाडूला मोकळेपणी क्लब बदलू द्या आणि अपघाताची भरपाई द्या.

असोसिएशनला हे रुचले नाही. विशेषतः इतर धंद्यांतील कामगार संघटनांशी खेळाडूंनी हातमिळवणी करावी हे तर मुळीच नाही. 1909 च्या उन्हाळ्यात फर्मान निघाले, की संघटना सोडा, नाहीतर खेळणे विसरा. देशभरातले बहुतेक खेळाडू नमले. घरी बायकामुले असताना चार पौंडांवर पाणी सोडणे सोपे नसते. त्यांना दोष कसा द्यावा? परंतु युनायटेडचे खेळाडू हटले नाहीत. कप्तान चार्ली रॉबर्ट्स आणि मेरेडिथ त्यांचे पुढारी. ज्यांनी नुकताच देशाचा चषक जिंकला होता, त्यांचेच पगार थांबले. क्लबचे मैदान नाही म्हणून ते मँचेस्टरच्या फॅलोफील्ड भागात सराव करू लागले. तेथे त्यांनी एक छायाचित्र काढून घेतले आणि समोर पाटी ठेवली. तिच्यावर त्यांनी स्वतःला बहिष्कृतांचा फुटबॉल क्लब असे नाव दिले होते. ते छायाचित्र फुटबॉलच्या इतिहासात अजरामर झाले आहे. एव्हर्टनचा टिम कोलमनही त्यांना येऊन मिळाला. हळूहळू इतर क्लबांतले खेळाडू पुन्हा संघटनेकडे वळू लागले.

हंगाम सुरू होण्याच्या अगदी तोंडावर तडजोड झाली. असोसिएशनने संघटनेला मान्यता दिली. पण संघटनेने इतर कामगारांशी नाते तोडले. पगाराची मर्यादा राहिली आणि यादीत अडकवून ठेवण्याचा नियमही राहिला. मेरेडिथ निराश झाला. त्याच्या दृष्टीने खेळाडू अर्ध्या वाटेवरून परतले होते. पुढे 1912 साली संघटनेने किंगाबी या खेळाडूचा अडवणुकीचा दावा न्यायालयात नेला. तो दावा हरला आणि त्या खर्चाने संघटनेचे कंबरडे मोडले.

निवृत्ती कशी घ्यावी?

मेरेडिथ वेल्ससाठी 48 सामने खेळला. क्लबने सोडले असते तर हा आकडा कितीतरी वाढला असता. पण क्लबची परवानगी अनेकदा मिळत नसे. पंचवीस वर्षे खेळूनही इंग्लंडविरुद्ध जिंकण्याचा आनंद त्याला लाभला नव्हता. तो योग अखेर 15 मार्च 1920 रोजी लंडनच्या हायबरी मैदानावर आला. वेल्स 2-1 असा जिंकला. मेरेडिथ तेव्हा 45 वर्षांचा होता आणि देशासाठीचा हा त्याचा शेवटचा सामना. त्या दिवशी तो मुलासारखा रडला.

मधल्या महायुद्धाने खेळाडूंची चार वर्षे गिळली होती. सँडी टर्नबुल तर 1917 साली रणांगणावर मारला गेला. युद्धानंतर मेरेडिथचे युनायटेडशी बिनसले. आपल्याला विकू नये, मोकळे करावे, असा त्याचा आग्रह होता. शेवटी 1921 साली तो मोकळा झाला आणि आपल्या जुन्या सिटीकडे परतला. वय 47. संघात त्याच्यासोबत चार्ली प्रिंगल हा खेळाडू होता आणि तो त्याचा जावई झाला! सासरे आणि जावई एका संघात, असे दृश्य मैदानावर क्वचितच दिसते.

1924 च्या मार्चमध्ये चषकाच्या सामन्यात सिटीची गाठ कार्डिफशी पडली. नव्या मेन रोड मैदानावर 76,166 प्रेक्षक जमले. त्यांच्यासमोर एकोणपन्नास वर्षांचा मेरेडिथ उजव्या बगलेवर उभा होता. 29 मार्चला न्यूकॅसलविरुद्ध उपांत्य सामना झाला. सिटी 2-0 अशी हरली आणि मेरेडिथची ती अखेरची लढत ठरली. वय 49 वर्षे आणि 243 दिवस. तीस वर्षांपूर्वी सिटीकडून पहिला सामनाही तो न्यूकॅसलविरुद्धच खेळला होता.

तो इतका काळ का खेळला? खेळावरचे प्रेम हे एक कारण. त्याने शरीर जपले, दारूपासून तो दूर राहिला, पायांची निगा राखली. पण दुसरे कारण साधे आणि कडू आहे. खेळणे हीच त्याची मजुरी होती. जमेच्या बाजूला फारसे काही साठले नव्हते. मँचेस्टरमध्ये त्याने काढलेले खेळाच्या सामानाचे दुकान बुडाले होते. आज एखादा खेळाडू पस्तिशीत निवृत्ती जाहीर करतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी असते, पण बँकेत पैसाही असतो. मेरेडिथच्या पिढीला निवृत्ती म्हणजे दुसरी नोकरी शोधणे. 1925 साली त्याच्या सन्मानार्थ सामना झाला. 1926 साली एका मूकपटात त्याने कामही केले. पुढे उतारवयात तो मँचेस्टरमध्ये मद्यालय चालवीत असे. आयुष्यभर दारूला न शिवलेल्या माणसाने दारूचा गल्ला सांभाळावा, ही नियतीची थट्टाच म्हणायची.

19 एप्रिल 1958 रोजी मेरेडिथचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत म्युनिकच्या विमान अपघातात युनायटेडचे तरुण खेळाडू गेले होते आणि सारे मँचेस्टर त्या दुःखात बुडाले होते. म्हातारा मेरेडिथ गाजावाजा न होता गेला. दोनच महिन्यांनी वेल्स प्रथमच जागतिक स्पर्धेत खेळले. ते पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. मँचेस्टरच्या दफनभूमीत त्याच्या जागेवर साधा नावाचा दगडही नव्हता. तो दगड 2001 साली बसवला गेला. खर्च सिटी, युनायटेड, वेल्सची असोसिएशन आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून केला. ज्यांनी एके काळी त्याच्यावरून भांडणे केली, तेच शेवटी एकत्र आले, पण त्रेचाळीस वर्षे उशिरा!

त्याने काय मिळवले?

त्याच्या हयातीत पाहिले तर खात्यावर तूटच दिसते. पगाराची मर्यादा तो मरेपर्यंत कायम होती. ती 1961 च्या जानेवारीत उठली, तेव्हा ती आठवड्याला 20 पौंड होती. ती उठवली मेरेडिथने उभारलेल्या संघटनेने, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली, संपाची तयारी करून. 1963 साली जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या दाव्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला यादीत अडकवून ठेवण्याचा नियम व्यवसायस्वातंत्र्याला बाधक ठरवला. 1995 साली युरोपच्या न्यायालयाने बेल्जियमच्या बोस्मन या खेळाडूच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे जाताना जुन्या क्लबला पैसे मोजावे लागत नाहीत. वाणिज्य शाखेत आपण करार कायदा शिकतो. दोन्ही पक्षांची संमती खुशीची हवी, हे त्याचे पहिले कलम म्हणा ना. हे साधे तत्त्व मैदानावर पोहोचायला इतकी वर्षे लागली.

तरी प्रश्न संपलेला नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये चालू करार असलेल्या बहुतेक खेळाडूंना आजही त्यांच्या संमतीशिवाय दुसऱ्या शहरातल्या संघाकडे पाठवता येते. कोट्यवधी कमावणारा खेळाडू सकाळी उठतो आणि त्याला कळते, की आपले गाव बदलले! आणि जे कोट्यवधी कमावत नाहीत, जिल्हा पातळीवर गुडघा मोडून घरी बसतात, त्यांच्यासाठी कोणती संघटना आणि कोणती भरपाई? आपल्या बेळगाव-गोव्याच्या मैदानांवरही असे खेळाडू आपण पाहतोच.

म्हणून पुढच्या सुट्टीत कँटीनमध्ये बदल्यांच्या गप्पा रंगतील, तेव्हा मित्रांनो, आकड्यांबरोबर माणसाचाही विचार करू या. कोणाची किंमत किती झाली हे जरूर विचारावे. त्यातले त्याच्या हाती किती आले आणि त्याला विचारले होते का, हेही विचारावे. हा दुसरा प्रश्न खाणीतून आलेल्या एका पोराने पहिल्यांदा मोठ्याने विचारला, म्हणून बिली मेरेडिथचे नाव लक्षात ठेवायचे.